समोरून येणारे थांबतात

नेल्डाला इस्पितळातून घरी आणायचं म्हणून मी सकाळीच गाडी धुतली होती. डॉक्टर म्हणाले होते, दुखणं गेलं; आता वसंतापर्यंत नुसतं खायचं आणि उन्हात बसायचं. तिला मोठ्या हमरस्त्याने यायचं नव्हतं. डोंगरातून घे म्हणाली, पानं पिकलीत ती बघू दे. ऑक्टोबरात आमच्या नॉर्थ कॅरोलायनातला हा राज्य महामार्ग बघत राहावा असा असतो. मेपलची झाडं पेटलेली, हिकरीची पिवळीधमक, आणि खाली दरीत निळं धुकं.

पहिल्यांदा लाकडांचा ट्रक थांबला. समोरून येत होता, तो कडेला उतरला आणि ड्रायव्हरने टोपी काढून छातीशी धरली. समोरून अंत्ययात्रा आली की आमच्याकडे असंच करतात, गेलेलं माणूस ओळखीचं असो नसो. मी आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा होता.

"तुझं गाडी चालवणं बघून देवाचं नाव घेतोय बिचारा," नेल्डा म्हणाली.

आम्ही हसलो. पुढच्या वळणावर शाळेची बस थांबलेली. तिच्यामागे टपालाची गाडी, त्यामागे एक शेतकरी आपला ट्रॅक्टर बंद करून उभा. बसमधली पोरं काचेला नाक लावून बघत होती, पण गप्प. पर्यटकांच्या गाड्या तेवढ्या सर्रकन निघून जात होत्या. त्यांना आमची रीत कुठली ठाऊक. मी रेडिओ बंद केला. का, ते सांगता येणार नाही.

खिंडीत वर्लिनचा उकडलेल्या शेंगांचा ठेला आहे. नेल्डाला त्या आवडतात म्हणून थांबलो. पातेल्यातून वाफ येत होती, खारट, ओल्या मातीच्या वासाची. वर्लिन टोपी हातात धरून उभा होता. मी उतरलो तसा जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"कोण गेलं रे, ऑर्विल? केवढी माणसं ही. पार खालच्या पुलापर्यंत गाड्या उभ्यात, दिवे लावून."

मी वळून पाहिलं. रिकाम्या रस्त्यावर पानं गळत होती.

कुणी गेलं नाही, बायकोला घरी नेतोय, असं मी त्याला सांगितलं. त्याने वाकून गाडीत पाहिलं. नेल्डाने हात हलवला. वर्लिनचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू मऊ झाला. शेंगांची पिशवी त्याने तिच्या मांडीवर ठेवली. टोपी मात्र परत घातली नाही.

पुढे उतार लागला. नेल्डा शेंगा खात नव्हती. आपल्या बाजूच्या आरशात बघत होती, लग्नघरी कोण कोण आलंय ते बघावं तशी.

"डॉइल आलाय," ती म्हणाली.

डॉइल माझा धाकटा भाऊ. बापाच्या सफरचंदांच्या बागेची वाटणी झाली, तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

"तोंड पाडून बसलाय. बोल त्याच्याशी. मी असते तर बोलायला लावलंच असतं."

मी तिचा हात धरला. ऊबदार होता. वाटलं, घर गाठावं, दार लावावं, चूल पेटवावी. मग हे सगळं इथेच डोंगरात राहील.

मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. टायर करकरले.

तिने अलगद हात सोडवून घेतला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"वळणावर जरा हळू घे. मागे म्हातारी माणसं आहेत."

मी वेग उतरवला, इतका की वाऱ्यावरची पानं आमच्या पुढे जाऊ लागली.