अळणी ताट

"सून हाय का वैरीण? सात महिने झाले, म्हातारीच्या जिभेले मिठाचा खडा लागू देत नाई!"

शेजारची मनकर्णाबाई कुंपणापलीकडून बोलत होती, साऱ्या आळीला ऐकू जावं म्हणूनच बोलत होती. ओसरीत जेवायला बसलेल्या जिजाबाईंनी अंबाडीच्या भाजीचा एक घास घेतला आणि ताट दूर सरकवलं.

चुलीपुढे त्यांची सून कोकिळा मान खाली घालून भाकर थापत राहिली. काय बोलणार होती बिचारी! वर्ध्याच्या डॉक्टरांनी सासूबाईंची सुजलेली पावलं बोटानं दाबून पाहिली होती, छातीला नळी लावली होती आणि मुलाला बाहेर बोलावून सांगितलं होतं... हृदय थकलंय, मीठ विषासारखं समजा. मुलगा वासुदेव हिंगणघाटच्या गिरणीत, महिन्यातून एकदा गावी, आंजीला यायचा. जाताना त्यानं बायकोकडून शपथ घेतली होती. "बाबा छातीच्या कळेनंच गेले. मायले समजलं तं ती धसक्यानंच जाईन. सांगू नको." तेव्हापासून कोकिळेच्या वाट्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

आईवेगळी पोर ती. लग्न होऊन आली तेव्हा जिजाबाई आपल्या ताटातला पहिला घास तिला भरवायच्या, "खाय व माह्या पाखरा" म्हणायच्या... त्या एका हाकेसाठी तिचं अंतःकरण आता व्याकुळ व्हायचं. सात महिन्यांत सासूबाईंनी तिला नावानंसुद्धा हाक मारली नव्हती!

आणि आळीची माया तरी केवढी! दुखणेकऱ्याला वाटी पाठवायची नाही तर शेजार कशाला? कोकिळा शेतावर गेली, की लोणचं, ठेचा, खारातल्या मिरच्या, सगळं कुंपणावरून यायचं. म्हातारी चार बायकांत हसत खायची, आणि संध्याकाळी तिला धाप लागली, की दोष सुनेचा... अळणी खाऊ घालून शक्ती घालवली म्हणे!

आज मनकर्णाबाई लोणच्याची वाटी घेऊन थेट ओसरीतच आली. जिजाबाईंनी हात पुढे केला मात्र, कोकिळेनं धावत येऊन वाटी हिसकली. लोणचं भुईवर सांडलं!

"पाह्यलं?" मनकर्णाबाई कडाडली. "डोळ्यानं पाह्यलं आता?"

जिजाबाई उठल्या. "सोता तं चवीनं खात असशीन नं? थांब, तुह्यं ताटच दाखवते साऱ्यांले!"

चुलीपाशी सुनेचं ताट झाकून ठेवलं होतं. त्यांनी भाजी चाखली... वरण चाखलं... मग मिठाच्या मडक्यात हात घातला. आतलं मीठ कधीचं हात न लागता दगड होऊन बसलं होतं.

"काऊन व?" त्या सुनेकडे वळल्या. "तुले काय झालं? तू काऊन अळणी खाऊन राह्यली?"

"तुमच्या ताटात नाई, आत्याबाई... ते माह्या घशाखाली कसं उतरन?"

जिजाबाईंनी आपल्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. नवऱ्याची शेवटच्या दिवसांतली पावलं त्यांना आठवली.

"माह्यं काळीज थकलं नं, पोरी?"

कोकिळेनं तोंडात पदर कोंबला. शपथ होती!

"अवं, सांगतलं असतं तं मी काय लगेच मेली असती? साऱ्या आळीचे बोल खाल्ले, पण तोंड उघडलं नाई!"

सांडलेलं लोणचं गोळा करता करता मनकर्णाबाई रडत होती. "मायेनं मारून राह्यली होती मी तुले, जिजाबाई! उद्यापासून बिनामिठाचीच भाजी आणीन... साऱ्या आळीले सांगीन."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कुंपणावरून तीन वाट्या आल्या, तिन्ही अळणी! बायकाही नेहमीसारख्या येऊन बसल्या. जिजाबाईंनी दोन ताटं शेजारी मांडायला लावली आणि म्हणाल्या, "कोकिळे, मीठ आण."

मीठ! सासूबाईंना तर ते विष होतं! पण नाही कसं म्हणणार... सात महिन्यांनी नावाची हाक आली होती. तिनं मडकं आणलं. म्हातारीनं खडा फोडला, चिमूटभर मीठ सुनेच्या भाजीत कालवलं आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.

"खाय व माह्या पाखरा."

कोकिळेनं रडत रडत तो घास खाल्ला. जिजाबाईंनी बोटांना लागलेलं मीठ पदराला पुसलं आणि आपलं अळणी ताट पुढे ओढलं.