उंबरातली खुंटी

पोलीस जमादार देवीदास शेंदूरजनाघाटच्या बागेत पोचला तेव्हा खुशालरावांची संत्र्याची निम्मी झाडं बोडकी उभी होती. मजूर धर्मपालच्या हाताला दोरी बांधून ठेवली होती. सांजेच्या आत त्याला कोठडीत न्यायचं होतं. बौद्ध झाल्यापासून तो फुकटच्या राबणुकीला नकार द्यायचा; त्या वैरातून त्यानंच झाडांना विष घातलं, अशी मालकांची तक्रार होती.

जमादाराचे गुडघे ठणकत होते. त्यानं एक डहाळी वाकवली. पानांच्या कडा कुरतडलेल्या आणि देठावर गुबगुबीत अळी. विष असतं तर आधी तीच मेली असती.

"अळ्या टिपणाऱ्या साळुंक्या कुठं गेल्या रे?" त्यानं धर्मपालला विचारलं.

"उंबर वाळला साहेब, अन् गेल्या."

आदल्या साली गारपिटीनं निंब, बाभळी, बोरी, सापडेल ते आडवं केलं होतं. तरी पाखरं राहिली होती, असं धर्मपाल सांगत होता.

उंबराच्या वाळल्या खोडात सागाची खुंटी ठोकलेली होती. जमादारानं ती चाकूनं उपसली, हुंगली, खिशात टाकली. बुडाशी संत्र्याची नवी कलमं होती.

"हे कवा लावले?"

"गारपिटीनंतरच्या पावसाळ्यात. खड्डे मीच खंदले. सावलीत कावून लावता, म्हनलं. मालक म्हने, तू खंद."

"तवा उंबर हिरवा होता?"

"गच्च."

जमादार खुशालरावांसमोर दमून बसला. खुंटी मध्ये ठेवली. हिंगाचा वास सुटला.

"उंबर तुमीच मारला, खुशालराव. दत्ताचं झाड, कुऱ्हाड लावाची भीती. म्हून भोक पाडून हिंग भरला, का आपोआप वाळला म्हनता याव."

"यानं भरला असंल."

"तो बौद्ध, त्याले दत्ताचं भेव नाही, अन् कुऱ्हाड त्याच्याच खांद्यावर असते; त्यानं सरळ तोडला असता. सावली जानार हे कलमं लावनाऱ्याले आधीच ठाऊक होतं. ते कलमं तुमचे."

खुशालरावांनी खुंटी दूर सारली.

"गारपिटीनं इतके झाडं गेले, पाखरं राहिले. कावून? भर उन्हाळ्यात दुसरं काही नसलं तरी उंबराले फळं असत. त्याच्या जिवावर ते अठी बागेत टिकत, अन् तुमच्या अळ्या खात. एवढं तुमाले ठाऊक नव्हतं, मानतो. पन याच्या हातात दोरी कावून?"

खुशालराव उठले आणि स्वतःच्या हातानं धर्मपालच्या दोरीची गाठ सोडू लागले. गाठ सुटेना.  बाग इतकी शांत होती, की पानं कुरतडल्याचा आवाज ऐकू येत होता.