न गुरगुरणारी गाडी

गाडी चालू आहे, पण आवाजच नाही! मग ती चालू आहे हे कळणार कसं?

या कोड्यानं कस्तुरीच्या आईला पार दमवलं होतं. वैजयंताताई चाकणच्या मोटार कारखान्यात लग्नाआधीपासून इंजिनं जोडत होत्या. आता तिथे फक्त विजेच्या गाड्या बनणार होत्या. नव्या कामाच्या परीक्षेत त्यांनी बटण दाबलं आणि सवयीनं गुरगुर ऐकू यायची वाट पाहिली. ती येईना, म्हणून पुन्हा दाबलं आणि चालू गाडी बंद केली. नापास! नापास झालेल्यांना कंपनी नवशिके म्हणून घेणार होती; इतक्या वर्षांची नोकरी पाण्यात.

खंडेनवमीला कामगारांच्या घरच्यांना कारखाना खुला असे. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. परीक्षा घेणाऱ्या यंत्रमानवालाही कुणीतरी कुंकू लावलं होतं. त्याला सगळे मास्तर म्हणत. आई बाकावर डोळे मिटून बसली होती, हातातला पेढा तसाच. कस्तुरीला ते बघवेना. ती तडक मास्तरांपुढे उभी राहिली.

"आईचं काय चुकलं हो?"

"सवय आड आली. इंजिनात इंधनाचे छोटे छोटे स्फोट होतात, म्हणून ते गुरगुरतं. मोटारीत वीज तारेच्या वेटोळ्यातून जाते आणि त्याचं चुंबक होतं. ते चुंबक रोटरला (मोटारीतल्या फिरणाऱ्या भागाला) फिरवतं. स्फोटच नाहीत, मग गुरगुर कुठली? सुटे भागही कमी, म्हणून जोडणारे हात कमी लागतात."

"आणि आई नवशिकी, हेही विज्ञानच सांगतं?"

मास्तरांचे दिवे लुकलुकले. "नाही. चुंबक लोखंडाला ओढतं, हा निसर्गाचा नियम. तो कुणालाच बदलता येत नाही. नोकरीची वर्षं पुसायची, हा माणसांनी केलेला नियम."

"मग माणसांना तो बदलता येईल?"

"येईल. पण मागावं लागतं, सगळ्यांनी मिळून. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, म्हणतात ना?"

कस्तुरीनं धावत जाऊन आईला सगळं सांगितलं.

"कामगार संघटनेचे लोकही हेच सांगतात गं," आई म्हणाली. "पण आता भांडायचं त्राण नाही राहिलं."

तरी संध्याकाळी फाटकावरच्या सभेत, आजवर कधी न बोललेल्या वैजयंताताई उठल्या.

"शिकायला मी तयार आहे. पण पगारी वेळेत शिकवा, आणि माझी वर्षं माझ्या नावावर राहू द्या. मी नवशिकी नाही!"

दसऱ्याची सुट्टी संपली. सभेत ठरल्याप्रमाणे मास्तरांपुढे परीक्षेला एकही माणूस आला नाही. दुपारी व्यवस्थापनानं संघटनेला बोलणी करायला बोलावलं. संघटनेनं बोलायला वैजयंताताईंना पुढे केलं. त्या दमलेल्याच होत्या, पण गेल्या.