हलणारा आकडा

जळगावच्या स्टँडवर धुळ्याच्या बसमधून उतरणाऱ्या त्या तरुणाने खोकं छातीशी असं धरलं होतं, की कामिनीला राहवलं नाही. “बाळ झोपलंय का हो आत?”

“हो,” तो हसला. “माझंच आहे. धक्का मात्र लावू नका.”

तासाभराने तेच खोकं तिथल्या प्रयोगशाळेत, नेमकं तिच्याच टेबलावर उघडलं गेलं! हितेंद्र धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात संशोधन करायचा. स्वतः बनवलेलं यंत्र तिच्या सिलिकॉनच्या चकत्यांवर पारखायला तो आला होता. चकतीवर प्रकाशाचा झोत मारला, की आतले इलेक्ट्रॉन जागे होतात आणि वरून सोडलेल्या मायक्रोवेव्ह लहरी जास्त परततात. इलेक्ट्रॉन निजले, की परतणंही ओसरतं. किती वेळात ओसरलं, त्यावरून चकतीचा कस कळतो.

दोन दिवसांचं काम. पण त्या वेळेचा आकडा काही ठरेना. हितेंद्र स्क्रीन बघायला तिच्या खांद्यामागे वाकायचा... आकडा हलायचा. तो चहाला गेला, की आकडा शहाण्यासारखा बसायचा. माणसाच्या अंगावरूनही लहरी परततात, हे कामिनीला, रावेरच्या या केळीवाल्याच्या लेकीला, तिसऱ्या दिवशीच उमगलं. पण ती बोलली नाही. बोलली असती, तर तो संध्याकाळच्या बसने गेला असता ना!

नवव्या दिवशी हितेंद्र वायरी गुंडाळू लागला. चेहरा उतरलेला. “सरांना कळवतो, यंत्र फसलं म्हणून. दोन वर्षं घातली होती... जाऊ द्या.”

कामिनीने वायरींचं वेटोळं त्याच्या हातातून काढून घेतलं. आपल्या सहा दिवसांच्या लोभापायी याच्या दोन वर्षांवर पाणी फिरवायचं?

“थांबा! यंत्र चांगलं आहे. तुम्ही... जरा दाराशी जाऊन उभे राहा.”

तिने वायरी पुन्हा जोडल्या. पाच वेळा झोत मारला. पाचही वेळा तोच आकडा.

“तुम्ही इतक्या जवळ उभे राहता ना... तुमच्या अंगावरून लहरी परततात,” ती खाली बघत म्हणाली. “मला तिसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं.”

“तुले बठ्ठं माहीत व्हतं?” रागाच्या भरात त्याची अहिराणी सुटली. “मंग सांगं का नही?”

“सांगितलं असतं, तर राहिला असता तुम्ही?” तिचे डोळे भरून आले.

दारातूनच त्याने स्क्रीनवरचा स्थिर आकडा पाहिला.

“यंत्र माझं. हे आधी मला कळायला हवं होतं,” तो हळूच म्हणाला. “पण तुमच्याजवळ उभं राहिलं, की मला दुसरं काही सुचतच नव्हतं... मोजून झालं का सगळं?”

“झालं.”

“मग येऊ जवळ?”

कामिनीने यंत्राचं बटण बंद केलं आणि होकारार्थी मान हलवली.