आधी कोण बोलणार?

काचेपलीकडे उर्वी मगदूम मांडीवर हात ठेवून बसली होती आणि तिच्या समोरच्या खुर्चीत सोळा वर्षांची उर्वी मगदूमही तशीच बसली होती. सात मिनिटं होऊन गेली, पण दोघींपैकी एकीनेही तोंड उघडलं नव्हतं.

काचेअलीकडे कुरुंदवाडे बाईंचा जीव टांगणीला लागला होता. इचलकरंजीच्या या शाळेत त्या तीस वर्षं आठवीच्या वर्गशिक्षिका होत्या. पोरांना नववीच्या उंबरठ्यापर्यंत पोचवायचं आणि आपण मागे फिरायचं, हे त्यांचं काम. आता त्या कामाला यंत्राची जोड मिळाली होती. आठवी संपताना प्रत्येक मुलाची त्याच्या भाविछायेशी भेट व्हायची, त्या गप्पांवरून दिशापत्र तयार व्हायचं आणि त्यावर नववीचा प्रवेश ठरायचा. दिशापत्र नाही, तर वर्षभर पूर्वतयारी वर्गात बसा. उर्वीला तंतुविज्ञानाच्या शाळेत जायचं होतं. कालच्या भेटीत तिची छाया एक शब्द बोलली नव्हती. आजची संधी शेवटची, कारण यंत्राची गाडी उद्या सकाळी जयसिंगपूरला निघणार होती.

"मॅडम, खरं सांगा," बाई म्हणाल्या. "पुढे या पोरीचं काही वाईट होणार आहे, म्हणून तर ती गप्प नाही ना?"

"छे हो, बाई! भाविछाया म्हणजे भविष्य नव्हे." यंत्र सांभाळणारी इंजिनीअर तबस्सुम मुल्ला पडद्यावरची नजर न काढता बोलत होती. "मुलाचं आठ वर्षांचं बोलणं, वह्या, शिक्षकांचे शेरे, सगळं यंत्राला मिळतं. त्यातून यंत्र त्याच्या सवयी ओळखतं आणि त्याच सवयी दोन-अडीच वर्षं पुढे नेऊन एक माणूस उभं करतं. मूल बोलायला लागलं, की त्याच्या दर वाक्यागणिक छाया नव्याने घडते. मूल बदललं की तीही बदलते."

शेऱ्यांचं नाव निघताच बाईंनी मान खाली घातली. काल संध्याकाळी त्यांनी उर्वीची सगळी प्रगतिपुस्तकं काढली होती. पहिलीत 'शांत, गुणी मुलगी.' दुसरीत 'शांत, गुणी मुलगी.' सातवीपर्यंत तेच, आणि आठवीत खुद्द बाईंच्या वळणदार अक्षरात तेच! शिक्षकखोलीतली ही जुनी रीत. वर्षाअखेरीला मागच्या वर्षीचं पान उघडायचं आणि शेरा उतरवून मोकळं व्हायचं. दंगेखोर पोरांवर शिक्षक पानंच्या पानं लिहितात, पण गुणी मुलीसाठी कोण डोकं खाजवतो?

म्हणून आज सकाळी त्यांनी उर्वीबद्दल चार पानं लिहिली होती. ती चिंधी उसवून त्यातले धागे मोजते. कुणाचा डबा राहिला तर न बोलता आपला पुढे सरकवते. दुसऱ्या पानावरच बाईंचं पेन अडलं होतं, पुढचं त्यांनी फोन करून उर्वीच्या आईला विचारलं होतं. वर्षभर डोळ्यांसमोर बसलेल्या मुलीबद्दल आपल्याला दीड पानाइतकंच माहीत आहे, याची त्यांना फार लाज वाटली. ती चारही पानं यंत्राने वाचली होती. तरी छाया गप्पच.

"अगं बाई!" तबस्सुम एकदम पुढे झुकली. "छाया बंद नाहीये. ऐकायच्या तयारीत बसली आहे. थांबा हं... उर्वीची दोनशे चौदा संभाषणं नोंदलेली आहेत. त्यातली तिने स्वतः सुरू केलेली... एकही नाही."

बाईंनी काचेतून पाहिलं. थोरलीने मान किंचित वर केली, धाकटी काही बोलेल असं वाटून पुन्हा खाली घातली. मग धाकटीनेही अगदी तेच केलं.

"मॅडम, घोळ माझाच आहे," बाई हळूच म्हणाल्या. "काल वर्गात मीच सांगितलं, छाया तुमच्यापेक्षा मोठी आहे. मोठ्यांना आधी बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. बाकीच्या तीस जणांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. हिने तेवढं मनावर घेतलं."

"आणि छाया हिचीच! तीही समोरच्याला पहिला मान देणार." तबस्सुमने कपाळावर हात मारला. "इतकी गावं फिरलो, पण एवढा वेळ गप्प बसणारं मूल आम्हाला भेटलंच नव्हतं. आधी कोण बोलणार, हे ठरवायचं कुणाला सुचलंच नाही."

"मग सांगा की यंत्राला, छायेला आधी बोलू दे म्हणून."

"नाही चालणार. सवय बाहेरून घातली तर ती उर्वीची छाया राहत नाही. दिशापत्र बाद होईल. उर्वीलाच बोलावं लागेल, आणि शब्दही तिचेच हवेत."

बाई आत गेल्या आणि उर्वीच्या खुर्चीशी वाकल्या.

"बाळा, काल मी चुकीचं सांगितलं. मोठ्यांशी आपण होऊन बोललं तरी चालतं."

"पण बाई, ती काहीतरी विचारात दिसते," उर्वी कुजबुजली. "मध्येच कसं बोलू?"

"तीही तुझ्याबद्दल हेच म्हणत असेल बघ."

उर्वीने चमकून समोर पाहिलं. बाई बाहेर आल्या आणि पदराचं टोक मुठीत धरून उभ्या राहिल्या. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं.

"तू... जेवलीस का?" उर्वीने विचारलं.

थोरलीचा चेहरा उजळला. "जेवले. तू?"

"डबा आणलाय. नंतर खाईन." उर्वीने मान वर केली. "नववीत... अवघड असतं?"

"गणित थोडं. धाग्यांचा तास मात्र छान असतो."

पुन्हा दोघी गप्प झाल्या. संपलं वाटतं! बाईंनी तबस्सुमकडे पाहिलं, तर ती पडद्याकडे डोळे विस्फारून बघत होती.

"ऐक ना," आतून आवाज आला. या वेळी थोरली उर्वी आपण होऊन बोलत होती. "नव्या शाळेत पहिल्या दिवशी मी एकटीच बसले होते. कुणी बोलायला आलं नाही. मग मीच उठून शेजारच्या बाकावर गेले आणि तिथल्या मुलीला विचारलं, जेवलीस का?"

"बाई," तबस्सुम म्हणाली, "पाच मिनिटांपूर्वीची छाया त्या बाकावरून उठली नसती."

आत धाकटी उर्वी खुर्ची पुढे ओढत विचारत होती, "मग? ती काय म्हणाली?"