डाव्या हाताची गाठ

"विज्ञानापुढं जगातलं कुठलंही तण टिकत नाही!" बावड्याच्या शेतकरी मेळाव्यात बापूसाहेबांनी जाहीर केलं. साल चौऱ्याण्णव. निवृत्त विज्ञान शिक्षकच ते, टाळ्या पडायच्याच. घरी परतताना स्वतःच्याच उसात वेलीत पाय अडकून ते पालथे पडले. चष्म्याची काडी मोडली ती तेव्हा.

सोमवारी साखर कारखान्याचे लोक त्यांचा बेण्याचा, म्हणजे लागवडीसाठी राखलेला ऊस तपासायला येणार होते. एक वेल दिसली की प्लॉट नापास, आणि टाळ्या वाजवणारं गाव हसायला मोकळं.

इंदापूरहून कृषी सहायक नागेश आला. वेलीचं बदामाच्या आकाराचं पान पाहिलं, देठ मोडून पांढरा चीक पाहिला.

"गारवेल हाय, सर. मुळासकट उपटा. तरी राहिली तर टू-फोर-डी तणनाशक मारा."

उपटली, बांधावर वाळत टाकली. तिसऱ्या दिवशी कमरेएवढी. परत उपटली, जाळली. गुरुवारी बघतात तर वेलीनं पाच-पाच ऊस एकत्र आवळून गाठी मारलेल्या.

"वेल गुंडाळते. गाठ मारत नाही," बापूसाहेब वैतागून म्हणाले. वेलीनं हा धडा वाचलेला नसावा.

शेजारच्या सोनबानं गाठ चाचपली. "शेपूट आत खोचलीय. डाव्या हाताची हाय, सर."

"मग?"

"कडब्याच्या पेंडीला अशी गाठ कुशावहिनीच मारायच्या."

"अरे, माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली!"

"व्हय की," सोनबा म्हणाला, आणि खुरपं तिथंच टाकून घरी गेला.

शनिवारी भर दुपारी बापूसाहेबांनी औषध कालवून पंप भरला. चष्मा पाण्याच्या इंजिनावर ठेवला, पाटाच्या पाण्यानं तोंड धुतलं. फार तर दोन मिनिटं.

वळले.

चष्म्याची मोडकी काडी बांधलेली होती. हिरव्या, ओल्या देठानं. शेपूट आत खोचलेली.

मिसरीचा वास आला. कुशाबाईच्या मिसरीचा.

त्यांनी चष्मा घातला. पंप पाठीवर घेतला, नळी उसावर धरली.

मग पंप उतरवून ठेवला.

"जित्तेपणी माझ्या कामात लुडबुड, आन् आता बी तेच!" ते उसावर खेकसले.



 मग बापूसाहेबांनी वरचं बटन तुटलेला सदरा काढून, घडी घालून बांधावर ठेवला.

"आलीच हायस, तर वरचं बटन बी लाव," ते म्हणाले. "सोमवारच्या आत. चार लोक यायचेत."