मयुराचा पिवळा खडा

"खडा गेला, विनया. डबी तेवढी राहिली."

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये मैत्रेयीबाईंनी डबी पुढे धरली. त्या निवृत्त भूवैज्ञानिक. विनया खासगी तपासनीस, आणि चष्मा पुसत वाकलेले मुरलीधर तिचे मदतनीस.

"सुपारीएवढा, पिवळा. कच्छच्या ओढ्यातला. तसाच क्षार मंगळावर आहे, आणि पाण्यावाचून तो तयार होत नाही. उद्या समिती पुढच्या मंगळमोहिमेनं काय शोधायचं ते ठरवणार. खड्याची पूड करून आमचं उपकरण तो क्षार ओळखतं हे दाखवलं नाही, तर पाण्याचा शोध बारगळला."

"दुसरा आणा की," मुरलीधर म्हणाले.

"तो ओढा बुजवून रस्ता झाला. हा एकच उरला होता. दमट हवा लागू नये म्हणून निळ्या दाण्यांच्या पुड्या घालून जपला होता हो."

मुरलीधरांनी डबी उलटी करून आपटली. काहीच पडलं नाही.

काल चहाला आलेल्या तिघांना विनयाने बोलावून घेतलं.

तरुण शास्त्रज्ञ साकेत बेधडक म्हणाला, "मला मोहिमेत धुळीची वादळं हवीत. माझा फायदाच झाला, बिल्कुल. पण चोरी कशाला, यार? वादात जिंकलो असतो."

भाची अश्लेषा फणकारली, "आत्या, मी नुसतं शेल्फ पुसलं. कचरा वाटला असता तर डबीसकट फेकला असता!"

जुने सहकारी तात्याराव खिडकीबाहेर बघत राहिले. "मयुरा, माझी बायको, पदर खोचून ओढ्यात उतरली होती. खडा उंच धरून ओरडली, 'हा माझा!' तेव्हा आमच्याकडे एक जीप आणि एक कंदील, बस्स." मग हळूच विचारलं, "सगळाच दळणार होतीस ना, मैत्रेयी?"

मुरलीधरांना आपली जुनी दिल्ली आठवली. गच्चीवर खाटा टाकून सगळी गल्ली झोपायची ती. ते भानावर येऊन कुजबुजले, "साकेतच. फायदा त्याचा."

"काका, डबी तुम्हीच आपटलीत," विनया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पुड्या पडल्या का? त्याही गेल्या. खडा नाहीसा करणारा पुड्या कशाला नेईल? अश्लेषाने फेकला असता तर डबीही गेली असती. हा चोर खड्याला जपणारा आहे. तो दळला जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. तात्याराव, दळण्याचं दुःख इथे एकट्या तुम्हालाच झालं."

तात्यारावांनी खिशातून रुमाल काढला. पुड्यांच्या मधोमध खडा होता.

"मयुरा गेली. तिचे फोटो खूप आहेत. पण हा तिच्या मुठीत होता."

"तात्या," मैत्रेयीबाई म्हणाल्या, "मंगळावरचं पाणी गेलं कुठे, हे आधी तिनेच विचारलं होतं. तुला नको असेल तर नाही दळणार. मग मोहीम साकेतची वादळंच शोधू दे."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे बत्ता तात्यारावांनीच हातात घेतला. पहिला घाव अगदी हलका पडला.

"जोरात, तात्या," मैत्रेयीबाई म्हणाल्या. "मयुराने एव्हाना पीठ केलं असतं."

तात्याराव हसले, आणि खडा फुटला.